बैलगाडीला नंबर नसतो

घरात पदवी घेणारा मी पहिलाच. नारायणगावात खताच्या दुकानावरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मला पहिली नोकरी मिळाली. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम आमच्याकडं होतं. ऊस घेऊन आलेल्या गाडीला टोकन द्यायचं, वजनाची नोंद घ्यायची. ते सांभाळायला मी आणि माझ्या वरिष्ठ, जुन्नरच्या मॅडम.

माझ्या पहिल्याच हंगामात बैलगाड्या काट्यासमोर खोळंबल्या. टोकन गाडीच्या नंबरावर निघायचं आणि बैलगाडीला कुठला नंबर? मॅडम म्हणाल्या, "गाडीवानाचा मोबाईल नंबर टाका. आधी रांग हलू दे."

रांग हलली. पण पुढं अख्खी टोळी आपल्या मुकादमाचाच मोबाईल नंबर सांगू लागली. कॉम्प्युटरला सगळ्या गाड्या एकच वाटायच्या, दुसरीचं वजनच घेईना. मग नंबरापुढं अ, ब, क जोडले. ठिगळावर ठिगळ. प्रत्येक वेळी मॅडम बजावायच्या, "हे उन्हाळ्यात उसवायचंय, बरं का."

हंगाम संपला, आणि कारखान्याचे शेतकी अधिकारी नवी मागणी घेऊन आले. वजनाचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेला पाहिजे.

"देऊ साहेब, पण आधी टोकनचं काम नव्यानं करायचंय," मॅडम म्हणाल्या.

"चालतंय की राव! कशाला उगं खोलताय?"

"तुमची उसाची मिल पण हंगामभर चालतच होती. मग आता फिटरनी ती का खोललीय?"

साहेब हसले. मग म्हणाले, "काटा अडला तर काम दुसऱ्याला देणार. मग बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

हे काम गेलं तर आमच्या ऑफिसला कुलूपच.

मॅडमनी उन्हाळाभर मला शेजारी बसवून शिकवलं. प्रत्येक बैलगाडीला स्वतःचा क्रमांक, जुवाला पत्र्याचा बिल्ला. गाडीवानाच्या आणि शेतकऱ्याच्या मोबाईल नंबराला वेगवेगळी जागा. रिपोर्टचा भागही गचाळ होता. मी त्याला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. "तो कुणाला अडवत नाही. राहू दे."

नव्या हंगामात पहिली टोळी आली. बिल्ले वाजवत गाड्या एकामागून एक काट्यावर चढल्या, उतरल्या. साहेब खिडकीशीच उभे होते.

"मॅडम, आता त्या मेसेजचं बघा की."

मॅडमनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. "यांना विचारा. आता सोपं आहे ते."

आणि खरंच सोपं होतं.