सटवाजींनी केलेला पाळणा

गंगाखेडच्या सटवाजी सुतारांना कुणी मुलाबाळांबद्दल विचारलं, तर ते आधी रंधा मशीनची खुशाली सांगत. एका बाजूनं फळी द्यायची. रोलर ती आत ओढतात, पाती तासतात आणि पलीकडून सारख्या जाडीची गुळगुळीत फळी निघते. गावात असं मशीन एकच होतं, त्यामुळे सटवाजींचा तोराही एकच.

आमच्यात बाळ जन्मायच्या आधी पाळणा करत नाहीत. माझी लेक रुख्मिणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाळंत झाली आणि त्याच संध्याकाळी मी सटवाजींकडे गेले. बारशाला पाळणा हवाच होता. आठवड्यानं पाहते तर फळ्या भिंतीला तशाच टेकलेल्या.

"मशीन फळी घेईना, ताई. तोंडाशी धरतंय अन् सोडतंय."

"आधी ते बंद करा, मग बोला," मी मशीनच्या आवाजावर ओरडले.

त्यांची पाती परजून झाली होती, रोलर दाबणाऱ्या स्प्रिंगा आवळून झाल्या होत्या. रोलर गरगर फिरत, फळी जागची हलत नसे. सटवाजी मागून छातीनं रेटत होते. मला ते बघवेना.

"तुमचा सागच ओला हाय."

"निवडला तुम्हीच ना?"

"तवा वाळलेला व्हता."

"दृष्ट लागलीय मशीनला," दारातून त्यांच्या आई, सरजाबाई म्हणाल्या.

वैतागून सटवाजींनी बटण बंद केलं आणि रोलरवर थाप मारली. हात सर्रकन घसरला, कोपर आपटलं. त्यांनी तळहात हुंगला. करडईचं तेल!

"आई, ह्याला तेल कुणी लावलं?"

"मीच. खंडेनवमीला पूजेत लावलं. तवापासून रोज लावायलेय."

"रोज?"

"फळी घेईना झालं, म्हणून आता दोनदा लावायलेय."

"अगं, रोलरनं फळी धरायची असती! तेलावर धरील कसं?"

"तू तेलाच्या हातानं भाकर धरतोसच की."

सटवाजींनी मोटारीचा पट्टा काढला आणि रॉकेलच्या फडक्यानं रोलर पुसले. तेल, कुंकू आणि भुशाचा जाड थर खरवडून निघाला. मग खालच्या लोखंडी पाटावर त्यांनी मेणबत्ती घासली. तिथं फळी घसरायलाच हवी.

"मेण चालतं, माझं तेल तेवढं चालत न्हाई!" सरजाबाई फणकारल्या.

पट्टा चढवून, स्प्रिंगा सैल करून फळी दिली. मशीननं ती अशी ओढली की सटवाजींचे हात हवेतच राहिले.

बारशाला बायका जमल्या, घुगऱ्या झाल्या, तरी पाळण्याचा पत्ता नव्हता. मी दारात दहादा डोकावले. अखेर सटवाजी डोक्यावर पाळणा घेऊन घामाघूम आले. तो टांगताच मी आत हात घालून काना-कोपरा चाचपू लागले. लाकडाचं एखादं कुसळ राहिलं असलं तर?

माझं चाचपणं संपेना. मग सटवाजी रुख्मिणीला म्हणाले, "पोरी, आईचा हात काढ बाहेर. लेकराला जागा होऊ दे."