पासपोर्टातलं हरीण

आमच्या घरातली कागदपत्रं मी सांभाळते, कारण आमच्या घरात अक्कल फक्त मला आहे, असं दोन हजार सहा सालापर्यंत माझं मत होतं.

त्या वर्षी आम्हाला स्टुटगार्टमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली होती. श्रीकांतची, म्हणजे आमच्या ह्यांची, जुन्या कंपनीतली नोकरी डिसेंबरात संपणार होती. नवी कंपनी तयार होती, पण तिची एकच अट होती: आधी जर्मनीत राहायचा कायमचा परवाना दाखवा, मग करारावर सही. परदेशी लोकांच्या कचेरीत आमचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला होता नोव्हेंबरातल्या एका गुरुवारचा. ह्यांचा, माझा आणि अकरा वर्षांच्या मुग्धाचा, असे तिघांचे अर्ज मी एका जाडजूड फाइलीत लावले होते. पिवळ्या पट्टीखाली पगार, हिरव्या पट्टीखाली घरभाडं, लालखाली विमा. गेल्या पाच वर्षांत मला कुठल्याही जर्मन कचेरीने एकदाही परत पाठवलं नव्हतं. (हे मी हळदीकुंकवालासुद्धा सांगत असे. न विचारता.)

टेर्मिनच्या आधी तीन आठवडे ह्यांच्या कंपनीने ह्यांना शेवटच्या कामासाठी ओसाकाला पाठवलं. मुग्धाला शरद ऋतूची सुट्टी होती आणि पुण्याहून सासूबाई आलेल्या होत्या.

"सूनबाई, बुद्धाच्या देशात जायला मिळतंय तर सोडू नये," सासूबाई म्हणाल्या.

"आई, बुद्ध आपल्याकडचे."

"मग लेकीच्या सासरी जातो तसं जाऊ. कसे राहतात ते बघून येऊ!"

गेलो. ह्यांचं काम आटपल्यावर चार दिवस क्योतो आणि नारा. मी सात देवळांची यादी केली, बसचे नंबर लिहिले आणि प्रत्येक देवळाला पन्नास मिनिटं दिली.

पहिल्याच देवळात गडबड झाली. दारातून आत गेल्यावर एका टेबलावर मोठा रबरी शिक्का आणि शाईची डबी ठेवलेली. समोर शाळेतल्या मुलांची रांग. एकेक जण पुढे येई, हातातल्या छोट्या वहीत शिक्का उमटवी आणि वाकून बाजूला होई. ढकलाढकली नाही, आवाज नाही. मला गहिवरून आलं. एवढी शिस्त फक्त सरकारी कामात असते, हे मला जर्मनीने शिकवलं होतं.

"ही येण्याची नोंद दिसतेय," मी म्हटलं. "आपल्या आपण करायची. किती विश्वास ठेवतात बघा माणसावर!"

"मामा, दास इस्ट नुअर फ्युअर किंडर," मुग्धा म्हणाली. (मामा म्हणजे मी; जर्मनमध्ये आईला मामा म्हणतात.) हे फक्त मुलांसाठी आहे म्हणे!

"शिक्का कधी मुलांसाठी नसतो. वह्या त्या मुलांच्या आहेत. मोठ्यांकडे काय असतं? पासपोर्ट!"

तरी मी खात्री करून घेतली. (मी बेजबाबदार नाही.) शेजारी एक वयस्कर जपानी गृहस्थ उभे होते. त्यांना पासपोर्ट दाखवला, शिक्क्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत विचारलं, "यावर?" ते हसले, वाकले आणि म्हणाले, "येस, येस, प्लीज!" झालं. तीन पासपोर्ट, तीन शिक्के. दोन्ही हातांनी दाबून, कडा सुबक.

चौथा पासपोर्ट सासूबाईंनी दिलाच नाही. पर्स छातीशी धरून म्हणाल्या, "मी दर्शनाला आलेय, हजेरी लावायला नाही."

"आई, नियम असतो."

"अगं पण देव कुठेय?"

"आधी शिक्का, मग देव!"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पदर खोचला आणि मुग्धाचा हात धरून सरळ आत गेल्या. ह्यांचा काही उपयोग नव्हता. हे इंजिनियर असल्यामुळे देवळाच्या बाहेरूनच खांबांचे सांधे बघत हिंडत होते. "अगं, एकही खिळा नाही यात! एकही नाही!" असं अधूनमधून ओरडत. आपल्या पासपोर्टचं काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. लग्नानंतर तो त्यांनी उघडलाच नव्हता.

मग माझा वेग वाढला. दुसऱ्या देवळात घंटा उमटली, तिसऱ्यात पाच मजली मनोरा. हजार मूर्तींच्या देवळात एक टकलू हसरा भिक्षू मिळाला. एका ठिकाणी कमळावर उभी असलेली देवी मिळाली. नाऱ्याला हरणं मोकळी फिरतात, तिथला शिक्काही हरणाचाच, तळहाताएवढा. शाई वाळेपर्यंत मी पासपोर्ट पंख्यासारखे हलवत बाहेर उभी राही आणि पुढच्या बसची वेळ पाही. तोवर बाकीचे दर्शन घेऊन येत.

"सूनबाई, आत काय सुंदर मूर्ती आहे गं! एकदा डोकावून तरी ये!"

"आई, बस चार मिनिटांत आहे."

ओसाकाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला आणि थबकला. त्याने दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी पानं उलटली, एकमेकांकडे पाहिलं, काहीतरी कुजबुजले, मग आमच्याकडे बघून दोघेही वाकले.

मी ह्यांना म्हटलं, "बघितलंत? व्यवस्थित कागदपत्रांना इथे किती मान आहे!"

घरी आल्यावर फाइलीत ठेवायला म्हणून मी पासपोर्ट बाहेर काढले, तेव्हा सासूबाईंना ती कमळातली देवी दिसली.

"अगं, देव उमटलाय यावर! आणि तू हा चामड्याच्या पर्समध्ये ठेवलास?"

त्यांनी तिन्ही पासपोर्ट उचलून देवघरात नेले. टेर्मिनपर्यंत ते तिथेच राहिले, बाळकृष्णाच्या शेजारी. गुरुवारी सकाळी मी ते घाईघाईने उचलले आणि आम्ही तिघं निघालो.

कचेरीतल्या बाई पन्नाशीच्या, केस आखूड, चष्मा साखळीला लावलेला. माझी फाइल बघून त्यांचा चेहरा उजळला. पिवळी पट्टी, हिरवी पट्टी, लाल पट्टी. "झेअर गुट," त्या म्हणाल्या. छानच म्हणे! मी ह्यांच्याकडे कटाक्ष टाकला. मग त्यांनी पासपोर्ट उघडला आणि टेबलावर चार तांदूळ घरंगळले.

बाईंनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"राइस," मुग्धाने मदत केली.

बाईंनी पान उलटलं. भिक्षू. पुढचं पान, मनोरा. पुढच्या पानावर देवी, तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू आणि पायाशी हळद. बाईंच्या बोटाला हळद लागली. त्यांनी बोट पुसलं, आणखी एक पान उलटलं आणि चष्मा काढला.

ह्यांनी वाकून पाहिलं. "हे काय आहे?" मला मराठीत विचारलं.

"जपान."

"जपान नाही, हरीण आहे!"

हरीणच होतं. समोरच्या पानावर आमचा राहण्याचा परवाना चिकटवलेला होता आणि मी शिक्का इतका मनापासून दाबला होता की हरणाची शिंगं थेट त्याच्यावर गेली होती.

"हा व्हिसा आहे का?" बाईंनी शिंगांवर बोट ठेवून विचारलं.

"नोंद आहे," मी म्हटलं. "अधिकृत."

"कुठल्या अधिकाऱ्याने केली?"

माझं जर्मन एरवी बरं आहे. त्या दिवशी ते संपलं. मुग्धा शाळेतसुद्धा आपणहून कधी उत्तर देत नाही. तिने हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा हाट एस झेल्ब्स्ट गेमाख्ट!"

आईने स्वतःच केलंय! आता बाई माझ्याकडे बघत होत्या.

"तिन्हींवर?"

"तिन्हींवर."

"किती?"

"सात. प्रत्येकी."

बाईंनी मला शांतपणे समजावलं. पासपोर्ट आपला नसतो, आपल्या सरकारचा असतो. त्यात स्वतः काहीही उमटवलं की तो बाद. नवे तिन्ही पासपोर्ट घेऊन या, मग परवाना. टेर्मिन? डिसेंबरच्या अखेरीला एक आहे. नवी कंपनीही तोवरच थांबणार होती.

बाहेर येऊन ट्राममध्ये बसल्यावर हे म्हणाले, "वकिलातीत कारण लिहून द्यावं लागेल. लहान मुलीने खेळताना केलं, असं लिहूया का?"

"नाइन!" मुग्धा ओरडली. अजिबात नाही म्हणे! अख्खी ट्राम वळून बघायला लागली.

मग मीच लिहिलं. स्वतःच्या अक्षरात, तीन प्रतींत: 'मी, खाली सही करणारी, हिने पूर्ण शुद्धीत असताना...' खाली शिक्का लागेल का, असंही मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं. त्याने अर्जांचं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं.

पुढचा महिना आमच्या घरात फक्त टपालपेटीचा आवाज ऐकू येत होता. ह्यांनी नव्या कंपनीला दोनदा फोन करून मुदतीची खात्री केली, जुन्या कंपनीतलं टेबल रिकामं केलं आणि टेबलावरचं कॅक्टस घरी आणलं. ते कॅक्टस मला रोज जेवताना समोर दिसे. सासूबाई पुण्याला परत गेल्या, जाताना तीनदा म्हणाल्या, "होईल गं सगळं." मी रोज दोनदा खाली जाऊन पेटी उघडून बघे. पोस्टमन मला लांबून बघूनच मान हलवू लागला होता. टेर्मिनच्या आदल्या दिवशी त्याने मान हलवली नाही. पासपोर्ट आले!

कचेरीत त्याच बाई होत्या. त्यांनी नवे पासपोर्ट उघडले, उलटे धरून झटकले, प्रत्येक पान बघितलं. कोरं. मग परवान्याचे तीन कागद चिकटवले, सह्या केल्या आणि शिक्का मारला. तो त्यांनी मारला. मी हात मांडीखाली घेऊन बसले होते.

ह्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद उडाले. आम्ही उठलो, तर बाईंनी मला थांबवलं. आवाज जरा खाली आणला.

"एक विचारू? वसंतात मी आणि माझे यजमान क्योतोला जातोय. पहिल्यांदाच. तुम्ही तर सगळं पाहिलंय. ते हजार मूर्तींचं देऊळ आतून कसं आहे हो?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुग्धानेही पाहिलं.

मी घसा साफ केला आणि जे माहीत होतं ते सांगितलं: "दारातून शिरल्यावर डाव्या हाताला टेबल आहे. शाई जांभळी. आणि शिक्का जरा जोर लावून दाबावा लागतो."