बॉनेटच्या आडून

लोसालिने गाडीच्या बॉनेटवर हात फिरवायची तो सुती हातमोजा चढवून. "उघड्या बोटांना रंगाची चकाकी भुलवते," ती म्हणायची. "मोज्यातल्या हाताला काही लपत नाही." लिफुका बेटावरच्या निम्म्या पिकअप तिच्या हाताखालून गेल्या होत्या. नारळाचा पोचा गोल, डुकराचा खालच्या कडेला, आणि नवऱ्यानं खांबाला ठोकून केलेला पोचा नेहमी 'आपोआप' आलेला, हे ती न विचारता सांगे.

त्या गुरुवारी तिच्या शेडमध्ये पांढरी पिकअप आली ती धाकट्या भावाची, हेफाची. शनिवारी त्याच्या लेकीचं, सेलूचं लग्न. नवरी याच गाडीतून, समुद्रातल्या बांधावरून, पलीकडच्या फोआ बेटावरच्या चर्चला जायची होती.

बेटावरची रीतच अशी, की बहीणभावानं मोठेपणी समोरासमोर बोलत बसायचं नाही, वाद तर नाहीच नाही. म्हणून हेफा बाहेर झाडाखाली पाठ करून उभा, आणि आत-बाहेर खेपा त्याच्या बायकोच्या, फुसीच्या.

"वन्सं, हे म्हणतात," फुसीनं छाती फुगवून नवऱ्याचा चर्चमधला खर्ज लावला, "'गाडी ठणठणीत आहे! नुसतं पॉलिश!'"

लोसालिनेनं फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉनेटवर फिरवलं. ते चिकटलं, चिकटलं, आणि पुढच्या कडेशी येऊन टपकन पडलं.

"इथं पत्रा कुठंय? गंजलेल्या भोकात पुट्टी भरून वर रंग फासलाय."

तिनं बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. पाणी निथळायची भोकं वाळूनं बुजलेली. घरात लग्न निघालं की हेफा मानाची म्हणून बॉनेटवर भारी विणलेली चटई बांधायचा. मागच्या लग्नातली चटई आठ दिवस तशीच राहिली होती, खारं पाणी पीत. बॉनेट धरून ठेवणारा आकडा तिनं दोन बोटांनी ओढला, तर तो बुडख्यासकट हातात आला.

"गोड्या पाण्यानं धू, काडीनं भोकं मोकळी कर, आकड्याला ग्रीस लाव. किती वेळा निरोप धाडला मी?"

"मी सांगितलं हो. हे म्हणाले, 'हं.'" तो 'हं' फुसीनं इतका हुबेहूब काढला, की बाहेर झाडाखाली कुणीतरी खोकलं.

"बांधावर वाऱ्यानं हे उघडलं, तर समोरची काच झाकेल," लोसालिने म्हणाली. "दोन्हीकडं समुद्र. आणि आत सेलू."

या निरोपाला फुसीनं कुणाचाच आवाज लावला नाही. परत आली ती हळूच म्हणाली, "म्हणतात, दोरीनं बांधू."

"दोरीनं डुकरं बांधतात. कोपऱ्यातल्या मोडक्या गाडीचं बॉनेट याच मापाचं आहे, पत्रा खणखणीत. पण निळं. रंग आणणारी बोट येणार सोमवारी."

बाहेरून खर्ज थेटच आला, "पांढऱ्या गाडीला निळं बॉनेट! गाव म्हणेल, हेफानं पोर भंगारात बसवून धाडली!"

"तुमचं तुम्ही बघा," फुसीनं हात झटकले. "माझं मटण तिकडं भट्टीत करपतंय." आणि ती गेलीच.

मग हेफा खाली मान घालून आत आला आणि गुपचूप स्टिअरिंगमागं बसला. मधे उघडं बॉनेट. पलीकडची बहीण त्याला दिसत नव्हती.

"आकडा... खरंच निघाला?" त्यानं स्टिअरिंगला विचारलं.

लोसालिनेनं आकडा बाजूनं, हात लांब करून, त्याच्या खिडकीत ठेवला. त्यानं उचलला. बुडख्याचा बिस्किटासारखा चुरा तळहातावर पडला.

"मला वाटलं, वरून पांढरं आहे म्हणजे..." त्यानं चुऱ्यावर मूठ मिटली. "ताई, निळं बसव."

वीस वर्षांत त्यानं तिला सरळ हाक मारली नव्हती.

"हं," ती म्हणाली. थेट त्याच्याच खर्जात.

शनिवारी फुसी चटई घेऊन बॉनेटकडं निघाली, तर हेफानं ती काढून घेतली आणि पुढच्या सीटवर अंथरली. ती जागा नवरीच्या आत्याची, लोसालिनेची; बेटावर आत्याचा मान बापाहून मोठा. शेजारी सेलू, गाडी चालवायला फुसी. बहिणीजवळ बसणं त्याच्या रीतीत नव्हतंच. तो कोट सावरत मागच्या उघड्या हौद्यात चढला.

चौकात कुणीतरी ओरडलं, "अरे हेफा, पाऊण गाडी कुणाची आणि पाव कुणाची?"

"पांढरी माझी, निळी आत्याबाईंची!" तो तसाच ओरडला.

बांधावर वारा झोंबू लागला. हेफानं टपावरून मान लांब करून समोर पाहिलं. उन्हात निळं बॉनेट जागच्या जागी होतं. बांध संपेपर्यंत त्यानं नजर हलवली नाही.