शिरोळला मोठ्यानं वाचलेला रिपोर्ट

स्वारगेटहून सकाळी निघालेली एस.टी. दुपारी कोल्हापूरला पोचली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पाळी महिनोन्‌महिने न येणं, हनुवटीवर राठ केस, वाढतं वजन, अशा तक्रारी असलेल्या बायकांच्या बीजकोशांच्या विकाराचा, म्हणजे पीसीओएसचा, अभ्यास पुण्यातले काही डॉक्टर करत होते. मी त्यांची सहायक. घरोघरी प्रश्न विचारायचे, बायकांना तपासणीला बोलवायचं आणि रिपोर्ट पोचवायचे, हे माझं काम.

सुरुवात कोडोलीपासून केली. मला कुटुंबनियोजनवाली समजून एका आजींनी दारातूनच परतवलं. शेजारच्या घरात मात्र गरम भाकरी, खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि घट्ट दही पुढ्यात आलं. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं, तशी घरधनीण हसून म्हणाली, "पावणं, दही घ्या की!"

तिथून जयसिंगपूरला आले. बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात आम्हांला तपासण्यांपुरती जागा मिळाली होती. तिथं शिरोळची सुनंदा सासूबरोबर आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. पण सासूनं निघताना तिला पेलाभर दूध पाजलं होतं.

"लेकरू उपाशी एस.टी.त बसलं तर चक्कर न्हाय का येणार?" सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली. सुनंदा आत असताना सासूनं मला बाजूला घेतलं. "रिपोर्ट आदी मला दावा. दिवाळीनंतर पोराला दुसरी बायकू करायची म्हणतोय आमी."

मी म्हणाले, "रिपोर्ट जिचा तिलाच द्यायचा, असा नियम आहे."

पंधरवड्यानं रिपोर्ट घेऊन शिरोळला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, समोरून ट्रॅक्टर आला की आमची रिक्षा कडेला थांबायची. सुनंदा सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) उभी होती. नवरा बाजेवर, सासू आत, समोर दिसणाऱ्या चुलीपाशी. मी पाकीट सुनंदाच्या हातात दिलं आणि निघू लागले.

"बाई, बसा. मला विंग्रजी येत न्हाय. तुमीच वाचा. मोठ्यांदा."

"सगळ्यांसमोर?"

"व्हय, समद्यांसमोर."

मी वाचलं, मग साध्या मराठीत सांगितलं. बीजकोशात बारीक बारीक पुटकुळ्या दिसतात, बीज वेळेवर तयार होत नाही, म्हणून पाळी चुकते.

तिनं विचारलं, "ह्यात पोर हुणार न्हाय, आसं कुटं लिवलंय?"

"कुठंच नाही. वेळ लागू शकतो. पण त्यावर औषधं आहेत, बऱ्याच जणींना मुलं होतात."

"परत एकदा म्हना. आत्याबाई ऐकाय लागल्यात."

मी पुन्हा म्हणाले. सासूचे हात पिठात तसेच थांबले होते.

सुनंदानं नवऱ्याकडं बघत पुढचं विचारलं, "आनि ह्यांची तपासनी?"

"ती अजून झालेली नाही. खरं तर दोघांचीही व्हायला हवी."

नवरा मान खाली घालून म्हणाला, "कोल्लापूरला कदी जायचं, सांगा. दोगं बी जातो." सासूनं तव्यावर भाकरी टाकली आणि मला जेवूनच जायला सांगितलं.

दोन दिवसांनी मी पुण्याची गाडी धरली. पुढं शिरोळच्या अंगणवाडीतल्या बाईंचं पत्र आलं: दोघांचे उपचार सुरू आहेत, दुसऱ्या लग्नाचं बोलणं बंद झालं आहे. मुलाबद्दल त्यात काही नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. मला त्या परतीच्या गाडीत मनात आलेलंच जास्त आठवतं. शिरोळच्या आधी कितीतरी घरांत मी पाकीट हातात देऊन, नमस्कार करून निघाले होते. ते कोणी उघडलं, कोणी वाचलं आणि कोणाला काय सांगितलं, हे मला ठाऊक नव्हतं.