सूरमामांची पाठ

सूरमामांनी कधी कुणाला पाठ दाखवली नाही. पाटोद्याच्या बाजारात भाजी घेतानाही हा माणूस तिरका उभा राहायचा. पंगतीतून उठला तर चार पावलं मागेमागे जायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. "पाठ फिरली की गडी गेला," मामा म्हणायचे, "मग हसा खुशाल."

आमच्या आट्यापाट्यांच्या संघाचे ते सूर. बाकीचे गडी आपापली आडवी पाटी राखत. सूर मधल्या उभ्या पाटीवर धावायचा आणि हाका देऊन सगळ्यांना नाचवायचा. वीस वर्षं! पण गुडघा गेला, अन् मागच्या जत्रेत नांदूरघाटचे तीन गडी त्यांच्याच बगलेतून पार झाले.

"मामाला बसवा," गडी माझ्याजवळ कुजबुजायचे. तोंडावर सांगायची एकाचीही छाती नव्हती. खरं सांगतो, मलाही ती जागा हवी होती, आणि हवी होती म्हणून माझी मलाच चीड यायची. खेळ शिकवला त्यांनीच. चुकलो की पोटरीवर ओली फोक बसायची. "पायाकडं काय बघतोस बे? खांद्याकडं बघ. खांदा खोटं बोलत न्हाई."

आमच्यात रीत होती: राखेनं उभी पाटी आखेल तोच त्या दिवशी सूर. यंदाच्या जत्रेत निजामाचे पोलीस अमीनसाहेब खुर्ची टाकून बसले, नांदूरघाटकर मांड्या थोपटू लागले, तरी राखेचं टोपलं मैदानात तसंच. गड्यांनी मला पुढे ढकललं. मी टोपल्याला हात घातला, तर दुसऱ्या बाजूनं मामांचा हात आलेला.

त्यांनी माझ्या खांद्याकडं पाहिलं. "का थांबला बे? लई मन हाय तर उचल की!" आणि हात काढून घेतला.

खेळ सुरू झाला आणि माझी त्रेधा उडाली. दर वेळी नजर कडेला उभ्या मामांकडे जायची. तेवढ्यात एक निसटला. मग दुसरा. "मामा, सांगा की!" मी ओरडलो. ते अख्ख्या जत्रेसमोर, सावकाश, पाठ फिरवून उभे राहिले.

मला रडूच आलं. पण ज्याच्या तोंडाकडं बघावं असं कडेला आता कुणी नव्हतं. समोरच्या गड्याच्या खांद्याकडं पाहिलं आणि पहिली हाक दिली. त्यानंतर एकही पार झाला नाही. लोक ओरडत होते, मामा वळले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर खेळ संपेस्तोवर तसेच उभे.

मी जाऊन पाय धरले. "मामा, दोन निसटले."

"ते माझे धर," ते म्हणाले. "तुझा खेळ त्याच्यानंतर सुरू झाला."