शेवटचा पाय पायरीवर

बुद्धप्रिया,

तू निलंग्याच्या एसटीतली कंडक्टर, ढोलकी धरून जेमतेम सहा महिने झालेले. टाळ्या पडल्या की तुझा हात पळायचा. आपल्या भीमगीतांच्या पार्टीचा गायक नरसिंग वैतागला होता. "अक्का, मी अजून कडव्यातच हाय अन् तू नांदेडला पोचलीस! जयंतीला दुसरा ढोलकीवाला बघतो."

तू रडत माझ्या दारात आलीस. रडून ताल सुधारत नाही, म्हणून मी विचारलं, "गाडी सोडायची डबल बेल कधी देतेस?"

"शेवटच्या माणसाचा पाय पायरीवर पडल्यावर, मावशी."

"मग नरसिंगचा शेवटचा शब्द चढू दे की! आधीच बेल कशाला?"

महिनाभर तू तेवढंच घोकलंस. जयंतीला अख्खा चौक टाळ्यांची घाई करत होता. नरसिंगनं शेवटचा शब्द मुद्दाम ताणला. तू थांबलीस, आणि तो संपताच अशी थाप दिलीस की नरसिंगच ओरडला, "जाऊ दे गाडी!"

मी चौकातच होते, पण हे सगळं नुसतं ऐकलं, दिसलं काहीच नाही. नांदेडहून दुरुस्त करून आणायला दिलेला माझा चष्मा अजून तुझ्या तिकिटांच्या बॅगेतच आहे.