कान पिळायला दादा उठले

मंडळी, आज टेमघरला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आमचा एकुलता एक भाऊ निलेश मात्र मांडवात नव्हता. मारामारीच्या केसेसमुळे तो जिल्ह्यातून दोन वर्षं तडीपार आहे. हद्दीत दिसला की अटक. म्हणून बिचारा नाशिकहून व्हिडिओ कॉलवर बघत होता.

नवऱ्याचा कान पिळायला भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली. तर आमच्या वॉर्डातले पुढारी दादा उठले. "मी हाय ना भाऊ!" म्हणत त्यांनी कान पिळला. बंदोबस्ताचा हवालदारसुद्धा टाळ्या वाजवत होता.

निलेशने कॉल कट केला.

त्या सगळ्या मारामाऱ्या त्याने ह्याच दादांसाठी केल्या. प्रत्येक केसमध्ये दादांचंही नाव आहे. मग त्यांना कुठली हद्द बंद आहे, सांगेल का कुणी?